न्हाणीच्या पाण्यावरची कोथिंबीर

शेगुल्लाबाईंनी मला कधी ‘कशी आहेस’ म्हणून विचारल्याचं आठवत नाही. त्या ‘नखं’ म्हणत. रस्त्यात भेटल्या, दवाखान्यात भेटल्या, मशिदीच्या पायरीवर भेटल्या, तरी पहिला शब्द तोच. (आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत. मुंबईहून ट्रंका आल्या तसा हा शब्दही आला.) आपण मुकाट्याने दोन्ही हात पुढे करायचे. त्या चष्मा कपाळावर चढवून बोटं उलटीपालटी करून बघत, ‘हां’ म्हणत आणि चालू लागत. मी तेव्हा नोकरीला असलेली, लग्न ठरलेली मुलगी होते. होणाऱ्या नवऱ्याची ओळख करून दिली, तर त्याचीही नखं बघितली. तो मुंबईचाच, त्याने हात पुढे केले. पण त्याच्याबरोबर त्याचा कारखान्यातला साहेब होता, पोलंडचा. त्याचीही बघितली, आणि ‘काप’ म्हणून हिब्रूत सांगितलं.

शेगुल्लाबाईंच्या हिब्रूत क्रियापदांची आज्ञार्थी रूपं तेवढी होती. आण, धू, उकळ, काप, टाक. ‘मला वाटतं’ किंवा ‘जमलं तर’ असलं काही त्यांना त्या भाषेत म्हणता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मराठीतही त्यांनी ते कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

हे ज्यूंच्या नव्या देशातल्या अश्केलोन गावातलं, बासष्ट-त्रेसष्ट सालचं. गावाच्या दक्षिणेच्या टोकाला सरकारने बांधलेली बैठ्या घरांची वसाहत होती, तिला शिक्कुन म्हणत. घरापुढे वाळू, घरामागे वाळू, आणि वारा सुटला की ताटातही वाळू. आमच्या रांगेत सगळी कोकणातून मुंबईला आणि मुंबईहून इथे आलेली माणसं. शेगुल्लाबाईंचं घर माझ्या भिंतीला भिंत लावून होतं. त्यांचं माहेर रेवदंड्याचं, नर्सिंगचं शिक्षण मुंबईच्या मोठ्या इस्पितळातलं. लोक भिंतीवर एलियाहू हन्नबींची, म्हणजे आमच्या प्रेषिताची, तसबीर लावत. शेगुल्लाबाईंच्याकडे तीही होती, पण तिच्या वरच्या खिळ्याला नर्सिंगचं सर्टिफिकेट होतं. इथल्या दवाखान्यात मात्र त्यांना मदतनीस म्हणून घेतलं होतं, कारण हिब्रू येत नाही. त्याचा राग त्यांनी कुणाकडे बोलून दाखवला नाही. तो त्यांनी गावभरच्या आतड्यांवर काढला.

मी त्याच दवाखान्यात खिडकीवर बसायची. नावं लिहून घ्यायची आणि आमच्या म्हाताऱ्या माणसांचं मराठी डॉक्टरांना हिब्रूत सांगायचं, हे माझं काम. डॉक्टर रुमानियाहून आलेले, थकलेले, भले गृहस्थ होते. बालवाडीतल्या काही हिंदी, म्हणजे आम्हा हिंदुस्थानातून आलेल्यांच्या, पोरांच्या पोटात जंत निघाले, तेव्हा घरोघरी फिरून शौचाचे नमुने गोळा करायला त्यांना माणूस हवा होता. शेगुल्लाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मी.’ त्या दिवसापासून आमच्या रांगेतल्या माणसांची लाजलज्जा संपली.

नमुन्यासाठी टिनच्या लहान डब्या असत. सकाळी सातला, लोक कामावर जायच्या बसची वाट बघत उभे असताना, शेगुल्लाबाई रस्त्याच्या पलीकडून ओरडत, ‘आयझॅक, डबी कुठाय?’ आमच्या रांगेतला आयझॅक चार माणसांत टाय लावून उभा. तो ऐकू न आल्यासारखं करी. मग त्या जवळ येऊन आणखी मोठ्याने विचारत. मी कितीदा सांगितलं, ‘शेगुल्लाबाई, जरा हळू.’ त्या म्हणत, ‘हळू बोलून जंत पडत नाहीत गो.’

त्यातली बेंजामिनकाकांची गोष्ट वसाहतीत वर्षभर पुरली. काका आमच्या रांगेतले सर्वांत वडीलधारे, मशिदीत पुढच्या बाकावर बसणारे. घरात सहा माणसं, म्हणून शेगुल्लाबाईंनी सहा डब्या दिल्या. दुसऱ्या दिवशी सहाच्या सहा भरून, वर नावं घालून, पिशवीत नीट रचून काका स्वतः खिडकीवर घेऊन आले. असा आज्ञाधारक माणूस बघून मलाही भरून आलं. दोन दिवसांनी शेगुल्लाबाई तपासणीच्या खोलीतून तणतणत बाहेर आल्या आणि तशाच काकांच्या घरी गेल्या. दुभाष्याची गरज नसतानाही मला बरोबर नेलं, साक्षीदार हवा म्हणून.

‘काका, तुमचा नातू काय खातो?’

‘तान्हं पोर. आईचं दूध पितो, दुसरं काय?’

‘मग त्याच्या डबीत मिरचीचं बी कसं निघालं?’

काका जराही गडबडले नाहीत. म्हणाले, ‘एका हंडीचं जेवतो आम्ही सगळे. पोटात वेगळं काय निघणार? सुनेला, पोरींना असल्या गोष्टीचा त्रास कशाला? मी माझंच सहा ठिकाणी घातलं.’

शेगुल्लाबाई खाली बसल्या. मग त्यांनी पिशवीतून सहा नव्या डब्या काढल्या आणि सुनेच्या हातात एकेक मोजून दिल्या. काकांना म्हणाल्या, ‘तुमची तुम्ही आता नका भरू. तुमचा कोटा झालाय.’

काकूंनी सरबत आणलं होतं. शेगुल्लाबाईंनी पेल्याकडे बघून मान हलवली. त्या कुणाच्याही घरी काही घेत नसत. पाणीसुद्धा नाही. त्यांच्या पिशवीत त्यांचा स्वतःचा कप असे आणि उकळून गार केलेलं पाणी असे. लग्नकार्यातही त्या घरून जेवून येत. लोक म्हणत, बाईला गर्व आहे. गर्व होताच, पण मुळात त्यांचा कुणाच्याही हातावर विश्वास नव्हता. त्या म्हणत, ‘हात धुतले म्हणून सांगतात सगळे. साबणाला विचारलं तर खरं कळेल.’

आणि ते लाल औषध. जांभळे खडे पाण्यात टाकले की पाणी आधी गुलाबी, मग लालभडक होई. त्या पाण्यात त्या सगळं जग बुडवून काढायला निघाल्या होत्या. एका लग्नात स्वयंपाकाच्या जागी कुणी नसताना त्यांनी कोशिंबिरीचे मुळे आणि काकड्या घंगाळात बुडवून ठेवल्या, आणि नमाजाला, म्हणजे आमच्या प्रार्थनेला, जाऊन बसल्या. परत येईपर्यंत मुळे गंजलेल्या खिळ्यांच्या रंगाचे झाले होते. नवऱ्याकडची मंडळी रामला गावची होती. त्यांनी कोशिंबिरीला हात लावला नाही, आणि पुढे कितीतरी दिवस आम्हाला रामल्यात ‘लाल औषधवाले’ म्हणत. मुलीची आई रडली. शेगुल्लाबाईंना त्याचं काही नाही. ‘रडू दे. रडून हगवण लागत नाही.’

मग माणसांनी खायचं काय? तर त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. बाजारातलं हिरवं काही घ्यायचं नाही, कोथिंबीर हवी तर शेगुल्लाबाईंच्या वाफ्यातली घ्यायची.

त्यांच्या घरामागचा तो वाफा म्हणजे आमच्या वसाहतीचा दागिना होता. संत्र्यांच्या बागेतून टोपल्या टोपल्या माती आणून त्यांनी तो वाळूवर केला होता. धने मुंबईचे, सब्ज्याचं बी रेवदंड्याचं, रुमालाच्या गाठीत आलेलं. आमच्याकडे मलिद्याला सब्जा लागतोच. नवस फेडायचा असला, शुभकार्य असलं की भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं असं ताट करून हन्नबींचं नाव घेतात. सब्ज्याच्या सुवासावर बरखा, म्हणजे देवाच्या आभाराची प्रार्थना, म्हणतात, आणि डहाळी हातोहात फिरते. नंतर पानं त्याच पोह्यांवर पडतात आणि मलिदा सगळ्यांना वाटतात. सगळ्या गावात सब्जा फक्त शेगुल्लाबाईंकडे. आसपास वाळूत धड गवत उगवत नव्हतं, आणि इथे अळवाची पानं सुपाएवढी. कुणी विचारलं की त्या सांगत, ‘न्हाणीच्या पाण्यावर आहे सगळं. रेवदंड्याला बापाच्या घरी असंच होतं. अंघोळीचं पाणी वाया घालवायचं नाही.’

हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. न्हाणीच्या मागे पन्हळ, पन्हळीखाली अळू आणि केळ, हे प्रत्येक घराचं ठरलेलं. इथे पाणी महाग, तेव्हा ते वाया घालवणं जास्तच जिवावर यायचं. त्यांचे यजमान सॅमसनकाका पाइपांच्या कारखान्यात होते. अबोल माणूस. बायकोने सांगितलं म्हणून त्यांनी एका रविवारी कामावरून आल्यावर न्हाणीच्या भिंतीमागे खणून पाइपाला तोटी काढली आणि पाणी वाफ्यात सोडलं. वाफा तरारला. रांगेतल्या प्रत्येक घरात तिथली कोथिंबीर गेली. मीही खाल्ली, चवीने खाल्ली.

आता मल्काची गोष्ट सांगायला हवी. लिली म्हणून माझ्याच वयाची एक बाई समोरच्या घरात राहायची. तिचा नवरा संत्र्यांच्या वखारीत कामाला. मल्का त्यांची एकुलती एक मुलगी. पाच वर्षांची, पण तीन वर्षांची वाटायची. चेहरा पांढराफटक, पोट पुढे. तिच्या पोटात जो जंत निघाला त्याला डॉक्टर चाबूक म्हणत, कारण त्याचं तोंडाकडचं अंग दोऱ्यासारखं बारीक आणि शेपटाकडचं जाड. ते बारीक टोक आतड्याच्या भिंतीत रुतून बसतं, म्हणून तो साध्या औषधाने पडत नाही. शेगुल्लाबाईंनी तिला कुशीत उचलून भिंगातून त्याचं अंडंसुद्धा दाखवलं होतं, दोन्ही टोकांना बूच मारलेल्या पिंपासारखं. मल्काला ते फार आवडलं. तिला वाटलं आपल्या पोटात पिंपं आहेत.

बालवाडीच्या बाईंनी सांगितलं, पोर साफ असल्याचा कागद आणा, मग पाठवा. तोपर्यंत घरी. एकटी मल्का घरी राहिली असती तर गोष्ट वेगळी. पण बाई असंही म्हणाल्या की हिंदी मुलांचे पेले आता वेगळे ठेवू. ते लिलीने मला सांगितलं, मी शेगुल्लाबाईंना सांगितलं, आणि चूक केली की काय असं मला लगेच वाटलं. त्या तशाच बालवाडीत गेल्या. तिथे त्या काय बोलल्या ते मला पूर्ण कळलं नाही, पण आज्ञार्थी रूपं तेवढी वापरली असणार. परत येऊन लिलीच्या दारात उभ्या राहिल्या. ‘उन्हाळा संपून आपले सण झाले की ही पोर पहिलीत बसेल, आणि सगळ्यांच्या पेल्यातून पाणी पिईल. मी सांगते.’

त्या दिवसापासून मल्का शेगुल्लाबाईंची झाली. डॉक्टरांनी निळ्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी पोट पिळवटायचं, ओकाऱ्या व्हायच्या आणि शी हिरवीनिळी व्हायची. रांगेतल्या कुणाकुणाच्या घरी औषध चालू आहे ते दोरीवर वाळणाऱ्या चड्ड्यांवरून सगळ्यांना कळे. मल्का रडायची, शेगुल्लाबाई तिचं नाक धरून गोळी घालायच्या. पंधरा दिवस बरे जात. गालावर रंग येई. मग पुन्हा डबी, आणि पुन्हा तीच पिंपं.

बाईंचा पारा चढला. त्यांनी लिलीचं घर पालथं घातलं. दारापुढची वाळू बदलायला लावली. मुलीच्या बाहुलीला लाल औषधात बुडवलं, तिची गुलाबी झालेली बाहुली मी बघितली आहे. लिलीला इतकं बोलल्या की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘काय चारतेस गो पोरीला? कुठे फिरवतेस?’ लिली म्हणाली, ‘सिस्टर, कुठेच नाही. माझ्याकडे नाही तर तुमच्याकडे असते.’

ते खरंच होतं. रोज सकाळी कामावर जाण्याआधी शेगुल्लाबाई मल्काला बोलावून घेत आणि समोर बसवून पावाला चटणी लावून देत. हिरवी चटणी, ताज्या कोथिंबिरीची, कच्ची. अंगात रक्त नाही पोरीच्या, हिरव्याने रक्त भरतं म्हणून. संध्याकाळी आल्या की पुन्हा. मल्काला ती तिखट चटणी इतकी आवडायची की ती बोटं चाटायची, आणि बोटं चाटल्याबद्दल रागावून घ्यायची.

वाफ्यातली कोथिंबीर मात्र शेगुल्लाबाई लाल औषधात बुडवत नसत. माझ्या हातची आहे, म्हणत.

उन्हाळा सरत आला. डॉक्टर म्हणाले, पोर अशीच राहिली तर इस्पितळात पाठवावी लागेल, रक्त फारच कमी आहे. लिलीने हन्नबींना नवस बोलला आणि शनिवारी शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, संपला की मलिदा करायचं ठरवलं. शुक्रवारी दुपारी तिने मला सब्जा आणायला पाठवलं.

मी मागच्या दाराने वाफ्यात शिरले. शेगुल्लाबाई आत होत्या. दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावायच्या आधी त्या संडासात बादलीभर लाल औषध ओतत, हा त्यांचा शिरस्ता. संडासाच्या खड्ड्याचा उपसा करणारी गाडी त्या आठवड्यात आली नव्हती, सगळ्या रांगेत खड्डे तुंबले होते. मी सब्ज्यापाशी वाकले, आणि आत बादली ओतल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने न्हाणीच्या तोटीतून पाणी येऊ लागलं. आधी साबणाचं, पांढुरकं. मग गढूळ. मग लाल.

मला समजायला वेळ लागला. ते लाल पाणी सब्ज्याच्या बुंध्याभोवती फिरून कोथिंबिरीच्या ओळीत गेलं.

‘शेगुल्लाबाई, बाहेर या जरा.’

त्या बादली घेऊनच आल्या. बघितलं. मला म्हणाल्या, ‘आत जा आणि संडासाची साखळी ओढ.’ मी ओढली. बाहेर आले तर त्या तोटीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘परत ओढ.’ मी परत ओढली. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही.

कोकणात न्हाणी वेगळी आणि संडास घरापासून लांब. न्हाणीच्या पाण्यात अंघोळीखेरीज काही नाही. इथे भिंतीमागे दोन्हींचा पाइप एकच होता. सॅमसनकाकांनी जिथे तोटी काढली ती जागा जोडाच्या पुढे की मागे हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. एरवी न्हाणीचंच पाणी यायचं. खड्डा तुंबला की मागे सरून दुसरंही येई. साबणाच्या फेसात ते कुणाला दिसलं नसतं.

सॅमसनकाका दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, ‘तूच म्हणालीस, न्हाणीचं पाणी.’

‘हो. मीच म्हणाले.’

मला वाटलं आता त्या आरडाओरडा करतील. पाइपांवर, सरकारवर, काकांवर. मी वाटच बघत होते. पण त्या उठल्या, हात धुतले, डोक्यावरचा रुमाल नीट बांधला आणि समोर लिलीच्या घरी गेल्या. लिली पोहे निवडत होती. मल्का चटईवर गुलाबी बाहुलीची वेणी घालत होती.

‘लिली, माझा सब्जा मलिद्यात घालू नकोस. माझ्याकडचं काहीच खाऊ नकोस. पोरीला माझ्या वाफ्यातून होतंय ते. संडासाचं पाणी जातंय त्यात.’

लिलीने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, ‘सिस्टर, रोज सकाळी तुम्हीच चारत होतात तिला.’

‘हो.’

लिलीने दार लावून घेतलं. आपटलं नाही, नीट लावलं. शेगुल्लाबाई तिथेच उभ्या राहिल्या, दिव्यांची वेळ होत आली तरी, आणि मला त्यांना हाताला धरून आणावं लागलं. मला त्यांचा रागही आला होता आणि वाईटही वाटत होतं.

रविवारी सकाळी दवाखान्याच्या खिडकीपुढे रांग होती. शेगुल्लाबाई रांगेत उभ्या राहून आल्या आणि दोन डब्या माझ्यापुढे ठेवल्या. एकीवर त्यांचं नाव, एकीवर सॅमसनकाकांचं. तोवर त्यांची स्वतःची डबी कधी गेलीच नव्हती. त्या स्टाफ. दोन्ही डब्यांत पिंपं निघाली. फार नव्हती, त्यांना त्याचा त्रासही नव्हता. मुंबईहूनच ती पोटात घेऊन आल्या असतील आणि इथे कोकणातला शिरस्ता पाळून सगळ्या रांगेला वाटली असतील.

मग त्या घरोघर गेल्या, पूर्वीसारख्याच, त्याच आवाजात. ‘माझ्या कोथिंबिरीतून आलंय. सगळ्यांनी डबी द्या.’ आणि इथे आमच्या माणसांनी त्यांना सर्वांत जास्त छळलं. कुणी रागावलंच नाही. आयझॅक म्हणाला, ‘असू दे सिस्टर, एवढं काय त्यात.’ एकजण म्हणाली, आमच्या पोटांना सवय आहे. बेंजामिनकाकांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे आता कोथिंबीर मिळायची नाही की काय?’

शेगुल्लाबाई माझ्या घरी येऊन बसल्या. हातापायांना माती होती, सगळा वाफा उपटून, चुना टाकून आल्या होत्या. म्हणाल्या, ‘काय माणसं आहेत गो ही. विष घातलं तर चव विचारतील. कुणीतरी दोन शब्द तोंडावर बोला की.’

‘लिली बोलली ना,’ मी म्हणाले.

‘तीच एक शहाणी आहे.’

मल्काला इस्पितळात नेलं. तिथे रक्त दिलं, औषधाचे एनिमे दिले, बरेच आठवडे ठेवलं. लिली कुणाला आत येऊ देत नव्हती. म्हणजे मला येऊ देत होती, शेगुल्लाबाईंना नाही. दवाखाना सुटला की शेगुल्लाबाई बसने इस्पितळापर्यंत जात आणि फाटकाबाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसत. मी आत जाताना त्या विचारत, ‘हात धुतेस ना तिला हात लावायच्या आधी?’ बाहेर येताना विचारत, ‘जेवली?’ बस. मीही चिडून म्हणायची, ‘शेगुल्लाबाई, घरी जा, इथे बसून काय होणार आहे?’ त्या जात नसत. स्वतःच्या कपातून पाणी पीत आणि बसून राहत.

सणांनंतर मल्का पहिलीत गेली. उशिरा गेली, पण गेली. दारावरून दप्तर घेऊन जायची तेव्हा शेगुल्लाबाई खिडकीच्या आत उभ्या असत, पडद्यामागे. पडदा जरासा सरकलेला मला माझ्या दारातून दिसत असे. लिली त्या खिडकीकडे बघत नसे.

पुढच्या वर्षी, चौसष्टच्या सुरुवातीला, सॅमसनकाकांना एलातला बंदरावर काम मिळालं. शेगुल्लाबाईंनी भराभर घर आवरलं. मी म्हटलं, त्या वाळवंटात कशाला जाता? त्या म्हणाल्या, ‘तिथे काही उगवत नाही म्हणतात. बरंच आहे.’

एलातची बस सकाळची होती, पोचायला सबंध दिवस. रांगेतली बरीच माणसं सोडायला आली. शेगुल्लाबाईंनी खिडकीतूनच जो दिसेल त्याला शेवटच्या सूचना दिल्या. पाणी उकळा, मुळे धुवा, बेंजामिनकाकांच्या डबीवर लक्ष ठेवा. सर्टिफिकेट त्यांनी ट्रंकेत न घालता मांडीवर धरलं होतं. बसवाल्याने इंजिन चालू केलं, आणि लिली येताना दिसली. मल्का तिच्या पुढे धावत होती, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

लिली बसपासून दूर उभी राहिली. मल्का खिडकीखाली आली. फडकं सोडलं, त्यात पाव होता, हिरवी चटणी लावलेला. तिने तो एका हाताने वर धरला आणि हिब्रूत म्हणाली, ‘खा. रस्ता लांब आहे.’

ती शाळेपुढच्या वाळूत खेळून आली होती. नखं काळी होती. ती शेगुल्लाबाईंना दिसली. दिसली नसतील असं होणंच शक्य नव्हतं, त्यांनी चष्मा कपाळावर चढवला होता. कोथिंबीर कुठून आणली, कुणी धुतली, किती पाण्यांनी, काही विचारलं नाही. मल्काच्या हातून पाव घेतला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, खाल्ला. सबंध खाल्ला. मग बोटाला लागलेली चटणी चाटली.

बस हलली. शेगुल्लाबाईंनी डोकं खिडकीबाहेर काढलं, डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात ओरडल्या, ‘लिली, नखं काप गो तिची.’

लिली म्हणाली, ‘हो, सिस्टर.’